कुत्र्याची खाज: लाल पट्ट्यांचा रिपोर्ट, चिकन-भात आणि दर महिन्याचं इंजेक्शन

पावसाळी_ढग

मंडळी, हा धागा आमच्या बंड्यासाठी. लॅब्रेडोर, वय चार, वजन ३६ किलो, मुक्काम ठाणे. खाजेने बेजार झालाय.

दीड वर्षाचा असताना पावसाळ्यात सुरुवात झाली. पुढचे पंजे चाटत बसायचा. त्या वर्षी दिवाळीपर्यंत आपोआप थांबलं, पुढच्या वर्षी लांबलं, आता बारमाही. पंजांवरचे पांढरट केस चाटून चाटून तांबूस झालेत, बोटांच्या बेचक्यात लाल, काखेतली कातडी जाड आणि काळपट, कानांना आंबूस वास. पाठ मात्र स्वच्छ, शेपटीच्या मुळाशीही काही नाही.

आमचे डॉक्टर दर वेळी 'फंगल आहे' म्हणतात, एक इंजेक्शन, गोळ्या, शाम्पू. दुसऱ्या दिवशी कुत्रा नवाकोरा. तीन-चार आठवडे मजेत जातात, मग ये रे माझ्या मागल्या. कंटाळून दुसरीकडे रक्त देऊन ॲलर्जी पॅनेल केलं. भरपूर पैसे गेले आणि आला लाल पट्ट्यांचा रिपोर्ट: तांदूळ, गाजर, अंडं, बटाटा, धुळीतले माइट्स, दोन-तीन गवतं. चिकनपुढे हिरवी पट्टी. गाजर या प्राण्याने जन्मात तोंडात धरलेलं नाही! चिकन-भात रोज खातो. आता भात बंद करू? याला घालू तरी काय?

नाना_नागपूरकर

पोरी, एवढं रक्तबिक्त कशाला. आमच्याकडे कुत्र्याला लूत लागली की करंजाचं तेल, त्यात चिमूटभर गंधक आणि कापूर, उन्हात चोळायचं. आठ दिवसांत केस येतात. आमचा वाघ्या चौदा वर्षं जगला, एकही ॲलर्जी नाही.

बोका_नव्हे

नाना, कापूर कृपा करून नको. कुत्रं चाटतं, पोटात जातो, फिट्स येऊ शकतात. तेवढं वगळा, बाकी डॉक्टर लोक बोलतील.

चष्मिष्ट

ढगताई, काही प्रश्न.
इंजेक्शन कसलं, ते फाइलवर लिहिलंय का?
पिसवा-गोचिडांसाठी काय देता, आणि नियमित की दिसल्यावर?
घरात अजून कोणी प्राणी? घरातल्या माणसांना खाज?
आणि त्वचेचा नमुना घेऊन कोणी मायक्रोस्कोपखाली बघितलाय का? 'फंगल' हे नुसतं बघून ठरलं की तपासून?

पावसाळी_ढग

फाइलवर ट्रायमसिनोलोन असं काहीतरी आहे. पिसवांसाठी मानेवर टाकायचे थेंब, आठवण आली की. दुसरा प्राणी नाही, पण खाली सोसायटीत मांजरं भरपूर आणि बंड्याला त्यांच्या बसायच्या जागांवर लोळायला आवडतं. आम्हाला कोणालाच खाज नाही. मायक्रोस्कोप? नाही, कोणीच नाही बघितलं.

गोठा_ते_गल्ली

मी पशुवैद्य. शिरवळच्या कॉलेजात शिकलो, सुरुवातीची वर्षं गाई-म्हशींत गेली, आता शहरात कुत्री-मांजरं बघतो. इथून औषध लिहून देणार नाही, पण क्रम सांगतो. कारण या आजारात औषधापेक्षा क्रम चुकल्यानेच लोकांचे पैसे जातात.

ट्रायमसिनोलोन म्हणजे रेंगाळणारं स्टेरॉइड. त्याचा अंमल काही आठवडे राहतो, म्हणून तुमचे तीन-चार आठवडे. 'फंगल' बरं होत नव्हतं, खाज झाकली जात होती. तातडीला स्टेरॉइड वाईट नाही, मीही देतो, पण गोळीच्या रूपात, म्हणजे डोस कमी करत आणता येतो. इंजेक्शन एकदा टोचलं की परत घेता येत नाही. भूक-तहान वाढते, लघवी वाढते, वर्षानुवर्षं चाललं तर कातडी पातळ, स्नायू झडतात, मधुमेहापर्यंत मामला जातो.

आता खाज कुठे आहे ते बघा. तुम्ही फार नेमकं लिहिलंय, अर्धं निदान त्यातच आहे. पुढचे पंजे, काखा, कान, आणि पाठ स्वच्छ. पिसवांची ॲलर्जी असती तर खाज मुख्यतः कमरेच्या मागच्या भागावर, शेपटीच्या मुळाशी आणि मांड्यांच्या मागे असती. खरजेचा किडा, म्हणजे सारकॉप्टिस, असता तर कानांच्या कडा, कोपरं, मागच्या पायांचे घोटे. तुमचं चित्र ॲटोपीचं (म्हणजे धुळीतले माइट्स, पराग अशा आजूबाजूच्या गोष्टींची ॲलर्जी) किंवा अन्नाच्या ॲलर्जीचं. नुसतं बघून दोघांत फरक करता येत नाही, मलाही नाही, कोणालाच नाही. वयही जुळतं: ॲटोपी साधारण सहा महिने ते तीन वर्षं या वयात सुरू होते, आणि आधी ऋतूपुरती, मग बारमाही, हा तिचा नेहमीचा चढता क्रम.

तरी परजीवी आधी बाद करायचेच. चित्र कितीही स्वच्छ असलं तरी.

चष्मिष्ट

डॉक्टर, का? पाठीला काही नाही म्हणताहेत ना.

गोठा_ते_गल्ली

कारण एकाच कुत्र्याला दोन ॲलर्ज्या असू शकतात आणि बऱ्याचदा असतातच. ॲटोपीच्या कुत्र्याला दोन पिसवा चावल्या तरी खाज सहन होण्यापलीकडे जाते. शिवाय पिसवांची ॲलर्जी त्यांच्या लाळेची असते, ती यायला अंगावर फौज लागत नाही. उलट जे कुत्रं सारखं चाटतं-चावतं ते पिसवा गिळून टाकतं, म्हणून 'एकही दिसली नाही' याला फारसा अर्थ नाही.

घरी करून बघा. बारीक दातांची पिसवांची फणी घ्या, कमरेवरून शेपटीकडे ओढा. फणीत जे काळे कण येतील ते ओल्या पांढऱ्या टिश्यूवर झटका. माती असेल तर काळीच राहील. कणाभोवती तांबडं पसरलं तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. आणि शेपटीखाली किंवा अंथरुणावर भाताच्या शिताएवढे पांढरे तुकडे दिसले तर पट्टकृमी. तो बहुधा पिसू गिळल्याने होतो, म्हणजे पुरावा आयता मिळाला.

'आठवण आली की थेंब' हे बंद. घरातल्या पिसवांपैकी अंगावर दिसतात त्या साधारण पाच टक्के. बाकी अंडी, अळ्या, कोष हे सगळं गादीत, सोफ्याच्या फटीत, जिन्यात. कोष महिनोन्‌महिने टिकतो. म्हणून महिन्याच्या महिन्याला, निदान तीन महिने, न चुकता. हल्लीच्या आयसोक्साझोलिन गटातल्या गोळ्या (अफोक्सोलानर, फ्लुरालानर, सारोलानर) पिसवा-गोचिडांबरोबर सारकॉप्टिस आणि डेमोडेक्स (कातडीतला आणखी एक किडा) यांच्यावरही चालतात, त्यामुळे एका गोळीत तीन शंका मिटतात. ज्याला पूर्वी फिट्स आल्या आहेत त्याला मात्र डॉक्टरांना सांगूनच.

बोका_नव्हे

याला जोडून: कुत्र्यांचे परमेथ्रिनवाले थेंब मांजराला कधीही लावू नका. ओले असताना मांजराने कुत्र्याला अंग घासलं तरी धोका. आमच्या मजल्यावर एक मांजर असंच गेलं.

नाना_नागपूरकर

डॉक्टरसाहेब, ते आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन देतात ना, दहा-वीस रुपयांत काम. या महागड्या गोळ्या कोणासाठी?

गोठा_ते_गल्ली

नाना, गोठ्यात मी आयव्हरमेक्टिनच्या बाटल्या संपवल्यात, त्याच्याशी माझं भांडण नाही. पण कॉली, शेल्टी आणि त्यांच्या संकरांत एक जनुकीय दोष असतो, त्यांच्या मेंदूत हे औषध शिरतं आणि कुत्रं कोमात जाऊ शकतं. हा दोष २००१ साली नेमका सापडला. आपल्याकडे 'मिक्स' म्हणून आणलेल्या कुत्र्यात काय मिसळलंय कोण सांगणार. आणि गाईची बाटली घेऊन अंदाजे टोचणारे महाभाग गल्लोगल्ली आहेत.

तुमच्या करंज-गंधकाबद्दल: वाघ्याला लूत होती, म्हणजे किडा. गंधक किड्यावर काम करतं, त्यात तथ्य आहे. लाइम-सल्फर आजही वापरतात. बंड्याचा प्रश्न किड्याचा दिसत नाही, तिथे तेल चोळून चिकट थर आणि वर धूळ एवढंच होईल.

पावसाळी_ढग

फणी फिरवली. टिश्यूवर दोन कणांभोवती तांबडं आलं!! मी आमचं घर स्वच्छ समजत होते. गोळी आजच आणते. पण कानाचा वास आणि काखेतलं काळं, ते पिसवांनी?

गोठा_ते_गल्ली

नाही. तो दुसरा टप्पा: इन्फेक्शन. ॲलर्जीच्या कुत्र्याची कातडी मुळात गळकी. वरचा स्निग्ध थर नीट नसतो, त्यातून चाटणं-ओरबाडणं. मग तिथे नेहमी राहणारेच जीव माजतात. मालासेझिया हे यीस्ट आणि स्टॅफिलोकोकस हा जिवाणू. आंबूस वास, तेलकट स्पर्श, जाड काळी कातडी ही मालासेझियाची खूण. म्हणजे तुमचे पहिले डॉक्टर 'फंगल' म्हणाले ते अगदीच हवेत नव्हतं. चूक एवढीच की फंगस हा पाहुणा आहे, त्याला बोलावणारा वेगळा. गोळ्यांनी पाहुणा जातो, पुढच्या महिन्यात परत हजर.

तपासणी अगदी साधी. पारदर्शक चिकटपट्टी काखेत दाबायची, स्लाइडवर लावायची, रंगवायची आणि बघायची. यीस्ट शेंगेच्या आकाराचं, मधे चिमटलेलं, निळं-जांभळं दिसतं, ओळखायला चुकत नाही. कानाचा बोळा वेगळा. एवढ्याला पाच-दहा मिनिटं लागतात. ज्या दवाखान्यात मायक्रोस्कोपवर टॉवेल पडलेला असतो तिथे खाजेचं कुत्रं नेण्यात अर्थ नाही, असं माझं स्पष्ट मत. आसपास सोय नसेल तर पशुवैद्यकीय कॉलेजांचे दवाखाने आहेत. तुम्हाला ठाण्याहून परळ जवळ.

चष्मिष्ट

म्हणजे आपलं बैलघोडा हॉस्पिटल!

गोठा_ते_गल्ली

तेच. आवारात १८८६ पासूनचं कॉलेज आहे. गर्दी असते, पण स्लाइड बघणारे डोळे आहेत.

यीस्ट निघालं तर क्लोरहेक्सिडिन-मिकोनाझोलचा शाम्पू, आठवड्यातून दोनदा. आणि तो चोळून दहा मिनिटं अंगावर राहिला पाहिजे, घड्याळ लावून. लोक दोन मिनिटांत धुतात आणि मग शाम्पू खोटा म्हणतात. पाणी गार किंवा कोमट. बोटांच्या बेचक्या कोरड्या करा, पावसाळ्यात हे निम्मं काम आहे. जिवाणू असले तरी आता कल हाच की जखम वरवरची असेल तर आधी बाहेरून उपचार, अँटिबायोटिकची गोळी उठसूट नको. न हटणारे स्टॅफ दवाखान्यात दिसू लागलेत, त्यामुळे दोनदा कोर्स होऊनही फोड येत असतील तर कल्चर करा (जिवाणू वाढवून कोणतं औषध लागू पडतं ते बघायची तपासणी), तिसरी गोळी अंदाजाने नको.

आणि घरातली ती ट्यूब. माणसांच्या गजकर्णासाठी मेडिकलमध्ये मिळणारी तीन-चार औषधांची मिसळ, त्यात कडक स्टेरॉइड असतं. कुत्रं चाटून पोटात घेतं आणि कातडी कागदासारखी होते. फेकून द्या.

कोकणकाठ

मी रत्नागिरीहून. आमची चिमी गावठी, तिला अन्नाची ॲलर्जी निघाली. सगळे म्हणायचे देशी कुत्र्यांना ॲलर्जी नसते. असते हो! कमी असेल, पण असते. पंजे, कान आणि जोडीला दिवसातून पाच-पाच वेळा शी, बूड जमिनीवर घासणं. डॉक्टरांनी फूड ट्रायल सांगितली.

पावसाळी_ढग

डॉक्टर, मग माझा रिपोर्ट? भात-अंड्याच्या लाल पट्ट्यांचं काय करू?

गोठा_ते_गल्ली

अन्नापुरता तो रिपोर्ट बाजूला ठेवा. रक्तातलं अन्नाचं आयजीई (ॲलर्जीशी जोडलेली अँटिबॉडी, पॅनेल तीच मोजतं) अगदी ठणठणीत कुत्र्यांतही सापडतं, आणि खऱ्या ॲलर्जीवाल्यांत कधीकधी सापडत नाही. गाजर न खाल्लेल्या कुत्र्याला गाजराची लाल पट्टी, हे तुम्हीच पकडलंत. केस आणि लाळ पाठवून होणाऱ्या चाचण्या तर त्याहून थोर. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कृत्रिम केस आणि सलाइनचे नमुने पाठवले होते, त्यांनाही ॲलर्ज्या निघाल्या.

माइट्स आणि गवतांचा भाग जपून ठेवा. तोही निदान नव्हे. ॲटोपीचं निदान बाकी सगळं बाद करून, लक्षणांवरूनच होतं. पण पुढे इम्युनोथेरपी (ज्याची ॲलर्जी त्याचेच बारीक डोस देणं) करायची ठरली तर कोणत्या गोष्टींचं इंजेक्शन बनवायचं, हे निवडायला तो किंवा त्वचेवरची चाचणी लागते. तेव्हा.

अन्नाची ॲलर्जी शोधायचा एकच मार्ग आहे, फूड ट्रायल: आठ आठवडे असं अन्न, ज्यातलं प्रोटीन त्याने पूर्वी खाल्लेलं नाही. अन्नाची ॲलर्जी असलेल्यांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त कुत्री आठ आठवड्यांत फरक दाखवतात. दोन आठवड्यांत सोडून देणारे फुकट कष्ट करतात.

परदेशी याद्यांत बीफ पहिल्या नंबरवर असतं, मग दूध, चिकन, गहू. ती यादी आपल्या घरात जशीच्या तशी लावू नका. ॲलर्जी वारंवार खाल्लेल्या गोष्टीची होते. आपली कुत्री चिकन-भात, दही-भात, पोळी आणि ग्लुकोज बिस्किटावर वाढतात, संशयित त्यातलेच. 'चिकन तर तो लहानपणापासून खातो, त्याचं कसं असेल' हे मी रोज ऐकतो. म्हणूनच असेल!

कोकणकाठ

आमच्याकडे याचीच गंमत झाली. इंटरनेटवर सगळीकडे 'मासे द्या, मासे नवीन प्रोटीन'. अहो, चिमी बांगड्याची डोकी खाऊन मोठी झालेली, तिला कसले मासे नवीन? तिला बोकडाचं मटण आणि रताळं दिलं. मीठ नाही, तेल नाही, हळद नाही. पाण्यात शिजवायचं, कुस्करायचं, डबे भरून फ्रीझरमध्ये.

पावसाळी_ढग

बंड्याला रविवारी मटणाची हाडं मिळतात, म्हणजे मटण बाद. मासे आमच्या घरात शिजतच नाहीत, सासूबाईंना वास सहन होत नाही. म्हणजे याच्यासाठी मासेच ठरतात की काय!

गोठा_ते_गल्ली

दिसतंय तसं. चिकनची ॲलर्जी असलेल्याला माशांचाही थोडा त्रास होऊ शकतो, प्रयोगशाळेत तसं दिसलंय, पण घरगुती पर्यायांत तुमच्यासाठी तोच बरा. बासाचे काटे काढलेले तुकडे आणि रताळं. हे झेपणार नसेल तर हायड्रोलाइज्ड प्रोटीनचं तयार खाणं मिळतं. त्यात प्रोटीनचे इतके बारीक तुकडे केलेले असतात की शरीर सहसा ओळखत नाही. महाग आहे, ३६ किलोच्या पोटाला तर फारच. पण घरच्या भानगडींपेक्षा सोपं. दुकानात 'ग्रेन फ्री', 'हायपोअलर्जेनिक' लिहिलेल्या सगळ्याच पिशव्या या कामाच्या नसतात, आत चिकन फॅट, चिकन मील निघतं. आणि चिकन खाणाऱ्याला बदक, टर्की देऊन 'नवं प्रोटीन' म्हणू नका.

घरचं अन्न मोठ्या कुत्र्याला आठ आठवडे चालतं, कायमचं करायचं तर कॅल्शियमसकट सगळा हिशोब बसवून घ्यावा लागेल. पिल्लांना असं करू नये.

बाकी अक्षरशः काहीच नाही. बिस्किट, पोळीचा तुकडा, चीजमध्ये लपवलेली गोळी, दात घासायची चिकन-चवीची पेस्ट, चघळायची हाडं. पिसवांची चवदार चघळगोळीही नाही, त्या काळात मानेवरचे थेंब घ्या. सुरुवातीच्या आठवड्यांत खाज फार असेल तर डॉक्टर स्टेरॉइडची किंवा ऑक्लासिटिनिबची (खाज उतरवणारं, स्टेरॉइड नसलेलं औषध) गोळी जोडीला देतील, मग ती बंद करून बघायचं की खाज परत येते का.

नाना_नागपूरकर

कुत्र्यासाठी इतकं पथ्य! आमच्या मधुमेहाला आम्ही पाळत नाही.

कोकणकाठ

नाना 😀 पथ्य कुत्र्याला नसतं, घरच्यांना असतं. आमच्या आबांना रोज चहात बुडवलेला टोस्ट तिला द्यायची सवय. 'एवढ्याशाने काय होतंय' हे वाक्य घरात बंद करायला मला जेवढं बोलावं लागलं तेवढं मी लग्नात बोलले नव्हते. शेवटी आबांसाठी रताळ्याच्या चकत्या वाळवून डबा भरून ठेवला. हात द्यायला सवकलेला असतो, काहीतरी द्यायला हवंच. पोळ्यांच्या मावशी, वॉचमन, शेजारची पोरं, सगळ्यांना सांगा.

न्यूजर्सीची_कमळी

धागा वाचतेय. आमची गोल्डन, ॲटोपी पक्की. फूड ट्रायल करून काहीच फरक नाही पडला, तोही निकालच असतो. तिला लोकिवेटमॅबचं इंजेक्शन देतो, साधारण सहा आठवड्यांनी एकदा. ते स्टेरॉइड नव्हे, खाजेचा निरोप नेणारं एक प्रथिन अडवणारी अँटिबॉडी आहे. जोडीला इम्युनोथेरपी, म्हणजे ज्याची ॲलर्जी त्याचाच बारीक डोस वाढवत नेणं. पहिले काही महिने वाटलं पैसे नाल्यात. वर्षभराने पंजे चाटणं खूप कमी झालं, पूर्ण थांबलं नाही. इथल्या त्वचातज्ज्ञ आधीच म्हणाल्या होत्या की साधारण दोनतृतीयांश कुत्र्यांना बऱ्यापैकी फायदा होतो, आणि वर्षाच्या आत निकाल मागू नका.

चष्मिष्ट

इथे ऑक्लासिटिनिब लोक सर्रास देतात. सुरक्षित आहे का? आणि सेट्रिझिन का नाही? मला शिंका आल्या की मी घेतो.

गोठा_ते_गल्ली

सेट्रिझिन कुत्र्यांत फार लंगडं. माणसाच्या ॲलर्जीत हिस्टामिनचा जो वाटा, तो कुत्र्याच्या खाजेत नाही. नुकसान सहसा नाही, पण साधं सेट्रिझिनच हवं. सर्दीच्या गोळ्यांत जोडीला पॅरासिटामॉल किंवा स्यूडोएफेड्रिन असतं, ती मिसळ कुत्र्याला घातक.

ऑक्लासिटिनिब चांगलं औषध आहे. अमेरिकेत २०१३ साली मान्यता मिळाली, काही तासांत खाज उतरते, स्टेरॉइडसारखी भूक-तहान नाही. सुरुवातीला दिवसातून दोनदा, जास्तीत जास्त चौदा दिवस, मग एकदाच. एक वर्षाखालच्या कुत्र्याला नको, गंभीर इन्फेक्शन किंवा गाठ असेल तर नको, आणि लांबवर चालणार असेल तर अधूनमधून रक्त तपासायचं. माझी तक्रार औषधाशी नाही, वापराशी आहे: मेडिकलमधून परस्पर आणून वर्षभर चालू, खाली यीस्ट तसंच, पिसवा तशाच. सायक्लोस्पोरिनही आहे. ते महिना-दीड महिना घेतं असर दाखवायला, सुरुवातीला उलट्या होतात, पण काही कुत्र्यांना तेच मानवतं.

ॲटोपी बरी होत नाही, ताब्यात राहते. हे पहिल्याच भेटीत सांगितलं की लोक माझ्याकडे रागाने बघतात आणि दुसऱ्या डॉक्टरकडे जाऊन इंजेक्शन घेतात.

पावसाळी_ढग

गणपती उरकले, आता सविस्तर लिहिते.

परळला नेलं. स्लाइडवर काखेत आणि कानात यीस्ट भरपूर, जिवाणू थोडे. खरवडून किडे सापडले नाहीत. शाम्पू दहा मिनिटं, घड्याळ लावून (बंड्या त्या दहा मिनिटांत माझ्याकडे असं बघतो की पूर्वजन्मीचं वैर), कानात थेंब, पिसवांची गोळी. मग फूड ट्रायल: बासा, रताळं, थोडा लाल भोपळा. ट्रायलपासून पिसवांचे थेंब, दर महिन्याला ठरल्या तारखेला. मासे गॅलरीत इंडक्शनवर शिजतात. सासूबाईंनी नाकाला पदर लावून का होईना, परवानगी दिली. मोदकांच्या दिवसांत याला बेडरूममध्ये ठेवलं, आरतीला दाराआडून सूर लावायचा.

डॉक्टरांनी खाजेला शून्य ते दहा असे गुण लिहायला सांगितले होते, घरातल्या एकाच माणसाने, आठवड्यातून एकदा. सुरुवातीला आठ होते. इन्फेक्शन आणि पिसवा आवरल्यावर सहा. ट्रायल संपताना चार. म्हणजे कमी झालं, गेलं नाही. मग चिकन परत सुरू केलं, फक्त उकडलेलं चिकन, बाकी तेच. तिसऱ्या दिवशी कानांच्या आतली बाजू लालभडक, आठवड्याच्या आत परत सात. चिकन बंद केलं, हळूहळू उतरलं.

रिपोर्टात चिकनपुढे हिरवी पट्टी होती. फ्रेम करून लावावा म्हणते.

चष्मिष्ट

परत चिकन द्यायची हिंमत केलीत, त्याला दाद. बरेच लोक 'सुधारला ना, आता कशाला' म्हणून तिथेच थांबतात.

गोठा_ते_गल्ली

ते केल्याशिवाय निदान पुरं होत नाही. सुधारणा शाम्पूने झाली, ऋतू बदलल्याने की अन्नाने, कसं कळणार? आता एकेक करून दही, गहू, अंडं, भात. प्रत्येकी दोन आठवडे, दोन गोष्टी एकत्र नाहीत. भात बहुधा सुटेल, तुमचा खर्च वाचेल.

उरलेले चार गुण ॲटोपीचे धरा. तिथे तुमच्या रिपोर्टातल्या माइट्सवर माझा डोळा आहे. ठाण्या-मुंबईच्या दमट हवेत धुळीतले माइट्स बारा महिने नांदतात. त्याचं अंथरूण आठवड्यातून एकदा ६० अंशांच्या पाण्यात, गादीऐवजी धुता येईल अशी चादर, सोफ्याखाली झोपणं बंद. फिरून आल्यावर पंजे आणि पोट साध्या पाण्याने धुऊन कोरडं करा. सोसायटीच्या मागे गाजरगवत माजलं असेल तर तिकडे नेऊ नका.

नाना_नागपूरकर

गाजरगवत म्हणजे काँग्रेस गवत! आमच्या वावरात निंदणी करणाऱ्या बायांच्या हातांना त्याने पुरळ उठतं. हे पुण्यातूनच पसरलं ना?

गोठा_ते_गल्ली

१९५५ च्या सुमाराची पुण्यातली नोंद आहे, नाना. माणसांत त्याचा त्वचारोग चांगलाच माहीत आहे. कुत्र्यात स्पर्शाने होणारी ॲलर्जी कमी, झालीच तर पोटासारख्या बिनकेसाच्या जागी. परागांचा त्रास मात्र होऊ शकतो.

ढगताई, हिवाळ्यात गुण दोन-तीनवर आले तर नुसता शाम्पू, ओमेगा-३ आणि पावसाळ्यापुरती गोळी एवढ्यावर भागेल. बारमाही चारच राहिले तर इम्युनोथेरपीचं बोलू.

अंगणातली_चिमणी

नवीन धागा काढत नाही, इथेच विचारते. आमची पॉमेरेनियन, वय नऊ, कधीच खाज नव्हती. दोन महिन्यांपासून फक्त शेपटीच्या मुळाशी चावून चावून केस गेलेत. मीही चिकन बंद करून मासे सुरू करू का?

गोठा_ते_गल्ली

नको. नऊ वर्षांत पहिल्यांदा आणि फक्त शेपटीच्या मुळाशी: आधी फणी आणि ओला टिश्यू, मग गुदग्रंथी भरल्यात का ते दवाखान्यात बघून घ्या. घरी नवीन मांजर आलंय का?

अंगणातली_चिमणी

आलंय. गौरीच्या सुमारास मुलाने पिल्लू उचलून आणलं.

गोठा_ते_गल्ली

मग दोघांनाही एकाच दिवशी औषध. मांजराचं वेगळं, वजन करून. वर बोका_नव्हे यांनी परमेथ्रिनचं लिहिलंय ते वाचल्याशिवाय दुकानात जाऊ नका.